यंत्र येईपर्यंत

आमच्या देवघरांतील गणपतीच्या तसबिरीमागें पुष्कळ वर्षें एक पावती खोंचून ठेविलेली होती. ती स्कूटरच्या नोंदणीची. आमच्या वडिलांनीं ती नोंदणी १९७४ सालीं केली. त्या काळीं स्कूटरींची विक्री सरकारी नियंत्रणाखालीं असे. अनामत रक्कम भरावयाची, क्रमांक घ्यावयाचा आणि मग स्वस्थ बसावयाचें, अशी रीत होती. क्रमांक लागावयास कित्येकांना आठ-आठ, दहा-दहा वर्षें लागत. ज्या मुलाला मागें बसवून शाळेंत पोंचवावें म्हणून वडिलांनीं स्कूटर नोंदविली, त्या मुलाला, म्हणजे आम्हांलाच, ती दारांत आली तेव्हां पदवी मिळालेली होती आणि मिशाहि फुटल्या होत्या.

परंतु त्या नऊ वर्षांत वडील एकदांहि चिडल्याचें आम्हांस आठवत नाहीं. दर दसऱ्याला ते ती पावती काढीत, विक्रेत्याकडे जाऊन क्रमांक कोठवर आला तें विचारून येत, मागच्या बाजूस पेन्सिलीनें तो आंकडा टिपून ठेवीत, आणि पावती पुन्हां गणपतीच्या मागें जाई. आंकडा थोडा तरी पुढें सरकलेला असे. तेवढ्यानें त्यांचें समाधान होई. आमच्या आईचें मत मात्र निराळें होतें. 'जी वस्तु येईपर्यंत पोर बाप्या होतो, ती वस्तु नव्हे, तें व्रत आहे,' असें ती म्हणे.

हें जुनें प्रकरण आज उकरून काढण्याचें कारण असें कीं, २०२२ व २०२३ या सालांत आमच्या घरानें पुन्हां एकदां तसलेंच व्रत केलें. आणि या खेपेस मात्र आमच्यापैकीं कोणालाहि वडिलांसारखें शांत राहतां आलें नाहीं.

आमच्या आत्या आमच्याच घरीं असतात. त्यांनीं बत्तीस वर्षें मुलींच्या शाळेंत मराठी शिकविलें. २०२२ सालीं त्यांस चौऱ्यायशीवें वर्ष लागलें होतें. वर्तमानपत्र हातीं आलें म्हणजे पहिल्या पानावरच्या मथळ्यापासून अखेरच्या पानावरील जाहीर नोटिसांपर्यंत सर्व कांहीं त्या वाचीत. कोणाच्या सातबाऱ्यावर कोणीं हरकत घेतली, याच्याशीं त्यांचा कांहींएक संबंध नसे. परंतु ज्या अर्थीं तें छापलेलें आहे त्या अर्थीं तें वाचलेंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. अशा बाईला एके दिवशीं ओळींच्या मधलीं अक्षरें दिसेनाशीं झालीं. 'पाटीवर कोणीं ओलें बोट फिरवावें ना, तसें होतें रे,' असें त्या आम्हांस म्हणाल्या. नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें कीं, डोळ्याच्या आंतील पडद्याचा मधला भाग वयोमानानें झिजत चालला आहे. कडेचें दिसत राहील. समोरचें, म्हणजे नेमकें वाचावयाचें, तें पुसट होत जाईल. त्यांना झालेल्या या कोरड्या प्रकारांत गेलेली नजर परत आणील असें औषध नाहीं. मात्र अक्षर पुष्कळ मोठें केलें तर त्याचा कांहीं भाग डागाच्या बाहेर पडतो आणि वाचतां येतें. डाग लहान आहे तोंवर.

हें 'तोंवर' त्यांनीं सहज उच्चारलें आणि आम्हींहि सहजच ऐकून घेतलें.

त्याच वर्षीं गणेशोत्सवाच्या सुमारास एका नव्या कंपनीनें नेमकें असेंच यंत्र काढल्याची वार्ता आली. कंपनीचें नांव आम्ही देत नाहीं. आम्हांस कोणाशीं कज्जा मांडावयाचा नाहीं. यंत्राचें रूप टेबलावरच्या दिव्यासारखें. त्याच्या वांकलेल्या मानेखालीं पुस्तक ठेवावें, म्हणजे समोरच्या पडद्यावर पानांतील अक्षरें हवीं तेवढीं मोठीं दिसावीं, आणि कळ दाबली तर यंत्रानें तेंच पान मराठींत मोठ्यानें वाचून दाखवावें. त्याच्या प्रकाशनाचा समारंभ इंटरनेटवरून सर्वांस पाहतां येत होता. तो पाहावयास आमच्या दिवाणखान्यांत तिन्ही भावांचीं बिऱ्हाडें जमलीं होतीं; आरती नुकतीच झालेली, हातांत खिरापतीच्या वाट्या. व्यासपीठावर तो धूर काय, ते दिवे काय, काळे सदरे घातलेले ते पोरसवदा संचालक काय! झांकण दूर होऊन यंत्र दिसूं लागलें, तेव्हां आमच्या वहिनींनीं नकळत हात जोडले. नुकतीच आरती झालेली असल्यामुळें हाताला तें वळण राहिलें होतें, असा खुलासा त्यांनीं मागाहून केला. अर्धी किंमत आगाऊ भरावी, यंत्र दिवाळीपूर्वीं घरपोंच मिळेल, असें जाहीर झालें. धाकट्या भावाचा मुलगा इंजिनियर आहे. त्यानें त्याच रात्रीं, बारा वाजण्याच्या आंत, नोंदणी करून टाकली.

आत्यांनीं एकच प्रश्न विचारला. 'अक्षर केवढें होईल रे?'

'तळहाताएवढेंसुद्धां होईल, आजी.'

त्यांनीं आपला तळहात डोळ्यांसमोर धरिला आणि मान किंचित् वांकडी करून, कडेच्या नजरेनें, त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

दिवाळी आली. फराळाचीं ताटें इकडून तिकडे गेलीं. यंत्र आलें नाहीं. नरकचतुर्दशीच्या सकाळीं पुतण्याच्या मोबाईलवर कंपनीचा निरोप आला कीं, परदेशांतून यावयाच्या कांहीं भागांचा तुटवडा असल्यामुळें यंत्र नाताळपर्यंत मिळेल. आपल्या संयमाबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. नाताळांत कळलें कीं, भाग मिळाले, परंतु सांचा बदलावा लागला; संक्रांतीपर्यंत थांबावें. संक्रांतीला पाडव्याचा वायदा झाला. प्रत्येक निरोपाच्या अखेरीस आमच्या संयमाचे आभार मानलेले असत. जी वस्तु आमच्याजवळ नव्हती तिच्याबद्दल इतक्यांदा आभार मानून घेण्याचा प्रसंग आमच्यावर पूर्वीं आला नव्हता.

एकाच घरांत एकाच विलंबाचे किती प्रकारचे पडसाद उमटतात, हें आम्हीं त्या हिवाळ्यांत पाहिलें. पुतण्या संतापला. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा त्यानें वाचून काढला, १९१५ या क्रमांकावर दूरध्वनि करून तक्रार कशी नोंदवावी तें विचारून घेतलें, आणि जेवतांना तो कलमें म्हणून दाखवूं लागला. आमचे दादा त्याला शांत करूं पाहत. परंतु दादांचें शांत करणें म्हणजे 'आमच्या वेळीं' या दोन शब्दांनीं सुरू होणारें. आमच्या वेळीं टेलिफोनला किती वर्षें लागत. मागतांच टेलिफोन मिळावा असें उद्दिष्ट सरकारनें कागदावर लिहिलें तेंसुद्धां १९९४ सालच्या धोरणांत. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायत काढली तेव्हां लोकांना आपण ग्राहक आहों हेंच प्रथम कळलें, इत्यादि. वहिनींचा हिशेब सरळ होता: 'अर्धेच पैसे भरले आहेत ना? मग अर्धाच राग करा.' धाकट्या सूनबाईंनीं यंत्रासाठीं खिडकीजवळचें टेबल रिकामें करून ठेविलें होतें. त्यावर हळूहळू इस्त्रीचे कपडे येऊन बसले, आणि ते कोणीं उचललेहि नाहींत.

आम्ही स्वभावानें वाचणारे. राग यावयाचाच तर तो माहितीनिशीं यावा, म्हणून नवीं यंत्रें वेळेवर कां येत नाहींत हें आम्हीं शोधूं लागलों. तेव्हां दिसलें कीं, आमचें दुःख मुळींच नवें नाहीं. क्लाइव्ह सिंक्लेअर हे इंग्लंडांतील नाणावलेले यंत्रकल्पक. सामान्य माणसाला परवडेल असा संगणक घरोघर नेण्याचें श्रेय त्यांच्याकडे जातें. त्यांच्या कंपनीनें १२ जानेवारी १९८४ रोजीं 'क्यूएल' नांवाचा नवा संगणक मोठ्या थाटानें जाहीर केला. किंमत ३९९ पौंड. पैसे पाठविणाऱ्यास २८ दिवसांत यंत्र घरपोंच. खरी गोष्ट अशी होती कीं, विकण्याजोगें पुरें झालेलें यंत्र त्या दिवशीं अस्तित्वांतच नव्हतें. बाराच दिवसांनीं अमेरिकेंत मॅकिंटॉश संगणक बाहेर पडला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या घाईचा अर्थ थोडाबहुत कळतो. लोकांनीं हजारोंनीं पैसे पाठविले. अठ्ठावीस दिवस गेले, मार्च गेला, आणि एप्रिलच्या अखेरीस कोठें थोडींशीं यंत्रें घराघरांत पोंचलीं. त्यांचेंहि रूप पाहण्यासारखें होतें. यंत्राच्या पोटांत जी आज्ञावली कायमची बसवावयाची, ती ठरविलेल्या जागेंत मावेना. म्हणून उरलेला भाग एका लहानशा डबींत भरून ती डबी यंत्राच्या पाठीला बाहेरून अडकवून दिलेली! नव्या नवरीच्या शालूला दुसऱ्याच कापडाचा तुकडा जोडून तिला बोहल्यावर उभी करावी, तसा हा प्रकार. इंग्रज हा रांगेंत उभें राहण्याबद्दल प्रसिद्ध. परंतु त्याचाहि धीर सुटला, आणि वर्तमानपत्रांतून कंपनीवर कडक टीका झाली. दोन वर्षांत तो संगणक बाजारांतून गेलाहि.

याच यंत्राचा दुसरा एक ग्राहक मात्र आमच्या दादांना फार आवडला. हेलसिंकी शहरांतील एका मुलानें पुढें हा संगणक घेतला. त्यासाठीं लागणारीं साधनें सहज मिळत नसत, म्हणून तो स्वतःच आज्ञावल्या लिहावयास बसला. तो लायनस टॉरव्हाल्ड्स. १९९१ सालीं ज्यानें लिनक्सचा पाया घातला तोच. 'पाहा,' दादा पुतण्याला म्हणाले, 'तो कलमें पाठ करीत बसला नाहीं.' पुतण्या तेथून उठून गेला. दादांचें हें बोलणें आम्हांस तेव्हांहि पटलें नाहीं आणि आतांहि पटत नाहीं. डोळे गेलेल्या माणसानें आपलें यंत्र आपणच करावें, असा त्याचा अर्थ होतो.

अमेरिकेंतील एका शीतपेटीची गोष्ट तर याहून वाईट. 'कूलेस्ट कूलर' हें तिचें नांव. सहलीला न्यावयाची पेटी, तींत बर्फ घुसळण्याची सोय आणि गाणीं लावण्याचीहि. २०१४ सालीं ६२,००० हून अधिक लोकांनीं मिळून तिच्यासाठीं १ कोटि ३० लाख डॉलरांहून अधिक रक्कम आगाऊ दिली. वायदा फेब्रुवारी २०१५ चा होता. पैसा पुरेना, तेव्हां कंपनीनें तयार झालेल्या पेट्या बाजारांत नव्या गिऱ्हाइकांस विकावयास काढल्या आणि आगाऊ पैसे दिलेल्यांस थांबावयास सांगितलें. पहिल्या पंगतीला बसलेल्यांच्या पानावर नुसतें मीठ, आणि दुसऱ्या पंगतीला जिलबी! २०१९ च्या डिसेंबरांत कंपनी बंद झाली, तेव्हां हजारों लोक अद्यापि मीठच चाखीत बसलेले होते.

उलट आपल्याकडील नॅनो मोटारीचें पाहावें. तिचें पुढें काय झालें तो विषय वेगळा; २०१८ सालीं ती निघावयाची थांबली. परंतु तिच्या नोंदणीच्या वेळचा व्यवहार आम्हांस आठवतो. जानेवारी २००८ मध्यें दिल्लीच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. कारखाना बंगालमधील सिंगूर येथें अर्धा उभा राहिलेला, तो त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सोडून गुजराथेंत साणंदला जावें लागलें. मार्च २००९ मध्यें मुंबईस विक्रीची घोषणा झाली आणि एप्रिलांत दोन लाखांहून अधिक लोकांनीं पैसे भरले. साणंदचा कारखाना तोंवर पुरा झालेलाच नव्हता, आणि पंतनगर येथें थोड्या थोड्या गाड्या तयार होत होत्या. तेव्हां पहिल्या एक लाख गाड्या कोणाला मिळावयाच्या तें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें संगणकाकडून निवडलें गेलें. ज्यांचें नांव निघालें नाहीं त्यांना पैसे परत घेण्याची मोकळीक, आणि ठेव तशीच ठेवून थांबणारांना तीवर व्याज. पहिली गाडी १७ जुलै २००९ रोजीं मुंबईंत दिली गेली. चिठ्ठी न निघालेल्यांना वाईट वाटलें नसेल असें नाहीं. परंतु आपली चिठ्ठी निघालेली नाहीं, एवढें तरी त्यांना ठाऊक होतें.

हें वाचल्यावर आमच्या वडिलांची पेन्सिल आम्हांस आठवली. कंपनीनें आम्हांलाहि क्रमांक दिलेला होता. चांगला पांच आंकडी होता. परंतु आज कोणता क्रमांक चालू आहे, हें आम्हांस कोणीं कधींच सांगितलें नाहीं. वडिलांचा आंकडा मुंगीच्या पावलांनीं कां होईना, चालत असे. आमचा आंकडा जागच्या जागीं होता. चालत होत्या त्या फक्त तारखा, आणि त्याहि आमच्यापासून दूर. उशीर झाला म्हणून माणूस चिडतो असें आम्ही समजत होतों. तो चिडतो तें आपण कोठें उभे आहों हेंच त्याला कोणी सांगत नाहीं म्हणून, असें आतां वाटूं लागलें.

कंपनीचा एक विक्रेता बाजीराव रस्त्यावर होता. त्याच्याजवळ कंपनीची पाटी होती, माल नव्हता. पौषापासून आम्ही पंधरा दिवसांतून एकदां तेथें जाऊं लागलों. तेथें बांकावर आमच्यासारखे चार-सहाजण नेहमीं बसलेले असत. कोणी मुलासाठीं, कोणी बापासाठीं, कोणी स्वतःसाठींच. ओळखी झाल्या. एक निवृत्त बँक अधिकारी येत, ते कंपनीची बाजू घेऊन भांडत. त्यांचें म्हणणें, पोरें नवीं आहेत, त्यांना सांभाळून घेतलें पाहिजे. एक बाई येत, त्या कांहीं न बोलतां आपली पावती विक्रेत्यापुढें धरीत, तो मान हलवी, आणि त्या परत जात. साताऱ्याकडचे एक गृहस्थ आपल्या आईसाठीं एस. टी. नें येत आणि येतांना सर्वांसाठीं कंदी पेढे आणीत. वस्तु मिळाल्यावर पेढे वाटतात, हे आधींच वाटीत होते. आम्हीं तसें म्हटलें तेव्हां ते हंसून म्हणाले, 'आईनें सांगितलें आहे, बाबा रे, रिकाम्या हातानें मागावयास जाऊं नये.'

फाल्गुनांत ते आले तेव्हां हातांत पेढे नव्हते. त्यांच्या डोक्यावर केंस अगदीं बारीक होते. ते सरळ विक्रेत्याकडे गेले व नोंदणी रद्द करावयाची आहे म्हणाले. विक्रेत्यानें त्यांच्याकडे पाहिलें. नोंदणी रद्द केल्यास पैसे कंपनीकडून तीस दिवसांत मिळतील, अशी एक छापील सूचना त्याच्या पाठीमागें लावलेली होती. त्यानें खण उघडला, आपल्या जवळच्या नोटा मोजल्या, उरलेल्या रकमेचा धनादेश लिहिला आणि दोन्ही त्यांच्या हातीं दिलें. बांकावर कोणी बोललें नाहीं. बँकेचे अधिकारीहि त्या दिवशीं गप्प होते. आमचा त्या विक्रेत्यावर पूर्वीं बराच राग होता. त्या दिवसापासून तो गेला.

इकडे घरीं आत्यांना वाचून दाखविण्याच्या पाळ्या लागल्या होत्या. यंत्र येईपर्यंत एवढीच त्यांची मुदत, म्हणून सर्वांनीं हौसेनें त्या वांटून घेतल्या. सकाळचें वर्तमानपत्र वहिनींकडे. दुपारीं दादांची नात शाळेंतून आली म्हणजे मासिकांतली एक गोष्ट. ही मुलगी इंग्रजी शाळेंतली; आरंभीं तिचें वाचन दगडधोंड्यांतून चालल्यासारखें असे, आणि आत्या ऱ्हस्वदीर्घाच्या प्रत्येक चुकीला टिचकी वाजवीत. चार महिन्यांत ती इतकें स्वच्छ वाचूं लागली कीं, टिचकी वाजली नाहीं तर तिलाच चुकल्यासारखें वाटे. रात्रीं नऊ ते साडेनऊ आमची पाळी. आम्हांला आत्यांनीं लहानपणीं आपल्या मांडीवर बसवून अक्षरें गिरवून घेतलेलीं. तेव्हां ही पाळी आम्हीं मागून घेतली होती.

आणि तीच सर्वांत अधिक चुकली. कधीं दूरदर्शनवर क्रिकेटचा सामना असे, कधीं प्राप्तिकराचे कागद, कधीं नुसताच कंटाळा. माघांतल्या एका रात्रीं आम्ही त्यांच्या खोलीशीं गेलों, तर त्या मांडीवर मासिक उघडून, चष्मा लावून बसलेल्या. चष्म्याचा त्यांना आतां उपयोग नव्हता. वाचनाला बसतांना तो लावावयाचा, एवढीच संवय. आम्ही दारांतूनच म्हणालों, 'आत्या, आज जरा काम आहे. उद्यां नक्की वाचतों.'

'बरें,' त्या म्हणाल्या आणि मासिक मिटलें. मग जरा थांबून म्हणाल्या, 'तुझ्यापेक्षां ती कंपनी बरी रे. ती निदान तारीख तरी देते.'

त्यांच्या स्वरांत राग नव्हता. असता तर सोपें गेलें असतें. त्या रात्रीं आम्हीं त्यांना वाचून दाखविलें. परंतु आपण काय वाचीत आहों याकडे आमचें लक्ष नव्हतें. मागें किती वेळां 'उद्यां' म्हटलें होतें तें मनांतल्या मनांत मोजीत होतों, आणि आंकडा लागत नव्हता.

पाडवा गेला, आषाढी गेली. २०२३ सालीं श्रावण अधिक होता; आमच्या वायद्याला पंचांगानेंहि एक महिना वाढवून दिला, असें वहिनी म्हणाल्या. त्या अधिक श्रावणांतल्या एका पावसाळी दुपारीं, कांहीं सूचना नसतांना, भिजलेलें खोकें घेऊन एक माणूस दारांत उभा राहिला. अकरा महिने ज्याची वाट पाहिली तें यंत्र असें, टपालांतून लग्नपत्रिका यावी तसें, आलें. सूनबाईंनीं टेबलावरचे इस्त्रीचे कपडे उचलले. पुतण्यानें घाईनें सर्व जोडणी केली. घरांत असतील तेवढीं माणसें जमलीं. आत्या खुर्चीवर येऊन बसल्या, त्यांनीं चष्मा लावला आणि पहिलें पान म्हणून वर्तमानपत्रांतील जाहीर नोटिसांचें पान मागितलें.

पडद्यावर अक्षरें उमटलीं. स्वच्छ, काळीं, ठसठशीत. आत्यांनीं मान डावीकडे केली, उजवीकडे केली. 'अजून मोठें कर,' त्या म्हणाल्या. पुतण्यानें अक्षर तळहाताएवढें केलें. मग त्याहून मोठें. शेवटीं एक 'क' सबंध पडदाभर झाला. आम्हां सर्वांना तो दिसत होता. रस्त्यावरून जाणाऱ्यालाहि दिसला असता.

'कडेची रेघ दिसते आहे रे,' त्या म्हणाल्या. 'आंत कांहीं नाहीं.'

डाग त्या अकरा महिन्यांत वाढला होता. कंपनीनें यंत्र खरोखरच चांगलें केलें होतें. त्यांत खोट काढण्याजोगें कांहीं नव्हतें. गेल्या दिवाळीला तें आलें असतें तर आत्यांनीं किती दिवस आपल्या डोळ्यांनीं वाचलें असतें, सहा महिने कीं आठ, हें कोणी सांगूं शकत नाहीं. नेत्रवैद्यांना विचारण्याचा धीर आम्हांला झालेला नाहीं. पुतण्या तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत होता. तेव्हां आत्यांनींच विचारलें, 'तें बोलतें म्हणालास ना? बोलव कीं त्याला.'

कळ दाबल्यावर यंत्र बोलूं लागलें. बाईचा आवाज, थोडा सर्दी झाल्यासारखा, परंतु शब्द स्पष्ट. 'स. नं.' म्हणजे सर्व्हे नंबर हें त्याला ठाऊक नव्हतें. त्यानें 'सनं' असें वाचलें आणि पुढें गेलें. आत्यांनीं टिचकी वाजविली. यंत्र थांबलें नाहीं, तेव्हां त्या मोठ्यानें हंसल्या.

आतां तें यंत्र त्यांच्या उशाशीं असतें. त्यांना पहाटे तीनला जाग येते. त्या वेळीं वाचून दाखवावयास आमच्यापैकीं कोणी उठलें नसतें, यंत्र वाचतें. आम्हांस कधीं रात्रीं उठावें लागलें म्हणजे त्यांच्या दाराच्या फटींतून तो सर्दीचा आवाज ऐकूं येतो. पाळ्या आपोआप मोडल्या. नात अजून अधूनमधून जाऊन बसते, पण तें तिच्या मर्जीनें. आमचा नऊचा अर्धा तास मोकळा झाला आहे. आम्ही त्या वेळीं दोनदां तरी त्यांच्या खोलीवरून जातों, आणि आंत यंत्र चालू असलें तर परत येतों.

महिन्याभरानें कंपनीनें एक प्रश्नपत्रिका पाठविली. आपला अनुभव कसा होता, पांचपैकीं किती तारे द्याल, वगैरे. पुतण्या एक तारा द्यावयास निघाला होता, दादा पांच म्हणत होते, आणि दोघांचें जेवणाच्या पानावर वाजलें. आत्या म्हणाल्या, यंत्र माझ्यासाठीं घेतलें आहे, प्रश्नहि मलाच विचारलेले असणार, आणा इकडे. सूनबाईंनीं तो कागद छापून आणला आणि यंत्राच्या मानेखालीं ठेविला. यंत्रानें आपल्याच मालकांची प्रश्नपत्रिका वाचावयास आरंभ केला. यंत्र सुस्थितींत मिळालें काय? वेष्टन ठीक होतें काय? अक्षर मोठें करण्याची सोय आपणांस उपयोगी पडली काय?

आत्यांनीं हात वर करून त्याला थांबविलें.

'उत्तराला जागा किती दिली आहे?' त्यांनीं आम्हांस विचारलें.

'जागा नाहीं, आत्या. होय किंवा नाहीं, एवढ्यावर खूण करावयाची.'

'मग राहूं दे तें,' त्या म्हणाल्या. 'वर्तमानपत्र ठेव त्याच्याखालीं. कोथरूडच्या त्या जमिनीची हरकत काल अर्धीच राहिली आहे.'